उत्सुनाईच्या पहिल्या हिवाळ्याचा फलक

उत्सुनाई गावातील स्थानिक इतिहास संग्रहालयाच्या नूतनीकरणाचे काम गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये सर्वसंमतीने पूर्ण झाले. या कामात एकही हरकत शिल्लक राहिली नाही, अशी नोंद नगरकार्यालयाच्या दप्तरात आहे. सदर संग्रहालयाचा मी व्यवस्थापन-सहायक असल्याने, आणि ज्या फलकाभोवती हे सगळे काम फिरले त्याचा मजकूर माझ्याच हातचा असल्याने, घडला प्रकार क्रमवार लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. माझे नाव इनागाकी तोकुझो. शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे मी दूध संघाचा टँकर चालवला, आणि गोठ्यागोठ्यांवर टँकर भरेपर्यंत जो वेळ मिळे त्यात वाचन करून भाषा कमावली. व्यवस्थापन-सहायक म्हणजे ज्याच्याकडे किल्ली असते तो मनुष्य.

आमचे संग्रहालय बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी, मेइजी सम्राटाच्या कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षी, तोयामाहून तेरा कुटुंबे समुद्र ओलांडून जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावरील या खोऱ्यात आली आणि त्यांनी रान तोडून शेते केली, हा संग्रहालयाचा विषय होय. चौथीच्या वर्गात बांबूगवताची झोपडी उभारली असून तीत एक आद्य वसाहतकार कुटुंब बसवले आहे. हे पुतळे असाहिकावातील एक कपड्यांचे दुकान बंद झाले तेव्हा स्वस्तात मिळाले. त्यामुळे कुटुंबप्रमुखाचे डोळे निळे असून नाक फार सरळ आहे. कोटाची बाही दाखवण्यासाठी पुढे केलेला त्याचा हात तसाच आहे. आम्ही त्यात कुऱ्हाड दिली आहे. पाचवीच्या वर्गात अठ्ठावन्न विळे, एकवीस नांगर आणि भाताची तीस भांडी आहेत. गावात कोणाचे कोठार पाडले जाते तेव्हा आजोबांची अवजारे संग्रहालयात येतात, आणि ती नाकारणे म्हणजे आजोबांना नाकारणे होय. दर वर्षी पितरांच्या सणाला नातवंडे शहरातून येतात आणि आपला विळा दिसतो का ते पाहतात. एकदा मी जागेअभावी एक विळा दुसऱ्याच्या मागे टांगला. त्या घराने दोन वर्षे मला नमस्कार केला नाही.

अशा सुस्थितीत असताना वरून पत्र आले की, वसाहतकाळाची मांडणी जुनी झाली असून ती 'विविध दृष्टिकोनांतून' नव्याने करावी, तरच अनुदान मिळेल. सोबत एक नमुना-अर्ज होता. त्यात 'विविध दृष्टिकोन' या शब्दांपुढे एक चौकोन होता आणि त्यात खूण करायची होती. आमच्या दर्शनी फलकावर पन्नास वर्षे पुढील वाक्य होते: 'मनुष्याचे पाऊल न पडलेल्या या घनदाट अरण्यात आमच्या पूर्वजांनी पहिले पाऊल ठेवले.' पत्र लिहिणाऱ्याने नम्रपणे निदर्शनास आणले होते की, उत्सुनाई हे नावच मुळात आइनू या बेटावरच्या जुन्या जमातीच्या भाषेतले आहे आणि त्यातल्या 'नाई'चा अर्थ ओढा, तेव्हा ओढ्याला नाव ठेवण्यापुरते तरी कोणी ना कोणी आधी येऊन गेले असावे. हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. तो फलक दर सोमवारी ओल्या फडक्याने मी पुसत असे, म्हणजे गावात सर्वांत जास्त वेळा तो मीच वाचला होता.

शिक्षण विभागाचे प्रमुख हानेदा-सान हे एकतीस मार्चपर्यंत सांडपाणी विभागात होते. नगरकार्यालयात दर एप्रिलला प्रत्येकाचे टेबल बदलले जाते, ज्यायोगे कोणालाही कोणत्याही विषयाची माया लागू नये. हानेदा-सान कष्टाळू होते. त्यांनी सर्व वर्ग फिरून पाहिले आणि निळ्या डोळ्यांच्या वसाहतकारापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी निर्णय दिला की, अवजारे हलवली तर प्रत्येक घरातून फोन येईल, सबब अवजारे हलवू नयेत. पुतळ्यांनाही आता पन्नास वर्षे झाली असल्याने तेही इतिहासच झाले आहेत, सबब पुतळे बदलू नयेत. उरला फलक. फलक कोणाच्या आजोबांनी दिलेला नव्हता.

फलक बदलणार ही बातमी गावात पोहोचण्याआधी फुमी-सानांकडे पोहोचली, कारण हानेदा-सान केस त्यांच्याकडेच कापतात. सासामुरा फुमी यांचे केशकर्तनालय आमच्याच वस्तीत आहे. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, माझे केस मी तिसरीत असल्यापासून कापतात, आणि उत्सुनाईत ज्याच्या डोक्यावरून त्यांची कात्री फिरली नाही असा मनुष्य विरळा. त्या आइनू आहेत हे सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वजण ते ठाऊक नसल्यासारखे वागतात. आमच्याकडे याला सौजन्य म्हणतात. एका दुपारी त्या संग्रहालयात आल्या आणि तिसरीच्या बाकावर बसल्या.

"तोकु, पाऊल न पडलेलं रान म्हणून लिहिलंयस ना, तिथं माझ्या पणजीचं घर होतं. पाऊल पडलं नव्हतं तर काय ती उडत होती?"

मी म्हणालो की वाक्य माझे नसून माझ्या आधीच्या व्यवस्थापन-सहायकांचे आहे.

"पुसतोस तूच ना?"

मग त्यांनी सांगितले ते असे. पणजीचे नाव इरेसुमात. तोयामाची कुटुंबे आली तेव्हा शरद ऋतू संपत आला होता. बियाण्याचे बटाटेसुद्धा त्यांनी डिसेंबरात खाऊन टाकले. तेव्हा इरेसुमात हिने आपल्या घरातला वाळवलेला सॅल्मन आणि रानकंदाचे पीठ बर्फातून ओढत आणून त्यांना दिले. झोपडीला बांबूगवत किती जाड लावायचे तेही तिनेच दाखवले. तेरा घरांतले एकही माणूस दगावले नाही. पुढे नदीतला सॅल्मन मारणे हा गुन्हा ठरला आणि त्याच माशासाठी तिच्या मुलाला तुरुंगात जावे लागले. नदीच्या वळणावरची सपाट जमीन मोजून तिचे तेरा भूखंड पाडण्यात आले आणि पणजीचे घर वर, दगडगोट्यांच्या माळावर हलवण्यात आले. चौथा भूखंड आमचा. त्यावर आधी माझ्या वडिलांचा गोठा होता, आता माझे घर आहे.

"जमिनीचं मी काही म्हणत नाही," फुमी-सान म्हणाल्या. "ते म्हणत बसले तर केस कधी कापायचे? एक ओळ लिही. नाव घालून. तिचं नाव कुठंही लिहिलेलं नाही, थडग्याच्या दगडावरसुद्धा नाही. भिंतीवर एकदा वाचेन आणि मग मरायला मोकळी."

मी उभा राहून, हात मांड्यांना चिकटवून, शब्द दिला. जमिनीविषयी त्या काही म्हणत नाहीत याबद्दल आभारही मानले असावेत.

त्या आठवड्यात मी मजकूर रचला. शब्दकोश उघडला, तीन वह्या संपवल्या, आणि पुढील वाक्य सिद्ध झाले: 'मेइजी तिसाव्या वर्षीच्या पहिल्या हिवाळ्यात उपासमारीच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या तेरा कुटुंबांना इरेसुमात या आइनू स्त्रीने वाळवलेला सॅल्मन व कंदाचे पीठ देऊन जगवले.' मी आयुष्यात लिहिलेले हे सर्वोत्तम वाक्य होते. हानेदा-सानांनी ते दोनदा वाचले.

"छान आहे हो. कोणी केलं, काय केलं, सगळं कळतं. सांडपाण्यात असं वाक्य बघायला मिळत नाही. तिथं सगळं आपोआप तुंबतं."

त्यांनी नमुना-अर्जातील चौकोनात सुबक खूण केली आणि सर्वसंमतीसाठी मजकूर फिरत्या पाटीवर लावला.

फिरती पाटी आमच्याकडे वस्तीवस्तीतून घरोघर जाते. पाटीला कागद अडकवलेला असतो. तो वाचायचा, आपल्या रकान्यात सहीऐवजी घरचा लाल शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दारात ठेवायची. गावात सहाशे बारा घरे आहेत. हरकत असेल तर समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहायची, म्हणजे पुढे खोडता येते. मात्र स्वतःची हरकत कोणी लिहीत नाही. ते स्वार्थीपणाचे ठरेल. सुसंस्कृत मनुष्य दुसऱ्याची हरकत लिहितो. मला काही नाही, परंतु अमक्यांना वाईट वाटू शकेल, असे तो लिहितो, आणि अमक्यांनी त्याला तसे काही सांगितलेले नसते. न सांगता ओळखणे यातच शेजारधर्म आहे.

पहिली फेरी तीन आठवड्यांनी परत आली. समास काळा झाला होता. बहुसंख्य घरांचे म्हणणे असे की, उपासमारीच्या उल्लेखाने सेन्नो-सानांना वाईट वाटू शकेल. सेन्नो गेंजिरो हे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असून तेरा कुटुंबांच्या स्मृतिमंडळाचे अध्यक्ष आहेत. मी सायकलवरून त्यांच्याकडे गेलो. ते मुळ्याचे लोणचे खात होते.

"मला कसलं वाईट वाटायचंय?" ते म्हणाले. "माझा आजा उपाशी होता हे तो स्वतःच सांगायचा. प्यायला बसला की गाऊन सांगायचा. पण अरे, कुवाबारांचा विचार कर की. त्यांच्याकडे नवीन सून आलीय, ओसाकाची. आल्याआल्या तिला कळायचं का, की हे घराणं खायला महाग होतं?"

ओसाकाच्या सुनेसाठी उपासमार काढली. उपासमारच नसल्याने 'जगवले' हा शब्द अधांतरी राहिला, म्हणून तेथे 'मदत केली' असे घातले. हा बदल मी स्वतः सुचवला व हानेदा-सानांनी माझ्या भाषेचे कौतुक केले.

दुसऱ्या फेरीत सॅल्मन गेला. नदीतील सॅल्मन मारणे पुढे गुन्हा ठरला असल्याने, फलकावर तो नोंदवणे म्हणजे एका मृत व्यक्तीची अपकीर्ती होय, असे पोलीसचौकीच्या शेजारच्या घराने पोलिसांच्या वतीने लिहिले होते. कंदही गेला, कारण त्याच्या पानासारखीच एक विषारी वनस्पती उगवते आणि शाळेच्या सहलीतील एखादे मूल फलक वाचून ती उपटून खाईल, अशी चिंता ज्यांच्या घरात मूल नाही अशा एकोणीस घरांनी व्यक्त केली. तिसऱ्या फेरीत हिवाळा गेला. गावाची लोकसंख्या घटत असून बाहेरच्यांनी येथे राहायला यावे म्हणून नगरकार्यालय माहितीपत्रके वाटत आहे. अशा वेळी दर्शनी भिंतीवरच थंडीचा उल्लेख असणे त्या विभागाला अडचणीचे होईल, असे मत पडले. त्या विभागाला विचारले असता त्यांनी कळवले की, त्यांना अडचण नाही, परंतु ज्यांनी ही अडचण ओळखली त्यांच्या भावना दुखावू नयेत. हिवाळ्याच्या जागी 'ऋतू' आला.

'आइनू' या शब्दावर चौथी, पाचवी आणि सहावी फेरी खर्ची पडली. निम्म्या गावाचे म्हणणे असे की, हा शब्द लिहिणे असभ्य दिसेल. उरलेल्या निम्म्याचे म्हणणे असे की, न लिहिणे असभ्य दिसेल. मी 'मूळचे रहिवासी' सुचवले, त्यावर आपण कुठले मग, असा प्रश्न काही घरांना शेजाऱ्यांच्या वतीने पडला. 'स्थानिक' सुचवले, तर तेरा कुटुंबेही एव्हाना स्थानिकच आहेत. शेवटी 'परिसरातील' हा शब्द मला शौचालयात बसलो असता सुचला आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

राहिले नाव. सातव्या फेरीत एक्केचाळीस घरांनी एकच गोष्ट लिहिली होती: 'फुमी-सानांना अवघड वाटेल.' त्यांच्या पूर्वजांचे नाव भिंतीवर लागले तर त्या कोण हे उघड होईल, आणि इतकी वर्षे आपण सर्वांनी जपलेले गुपित फुटेल. हानेदा-सानांनी मला बोलावून घेतले.

"त्यांची स्वतःची इच्छा काय आहे, कळलं का?"

"त्यांनीच तर नाव घालायला सांगितलं होतं."

हानेदा-सानांनी विचार केला. "म्हणजे आपल्याला अवघड वाटू नये म्हणून त्या तसं म्हणाल्या असतील."

या युक्तिवादात मला कोठेही फट सापडली नाही. मी तो वहीत उतरवून घेतला आणि नाव खोडले. अंतिम मजकूर पुढीलप्रमाणे झाला: 'त्या ऋतूत तेरा कुटुंबांना परिसराचे सहकार्य लाभले.' सत्यास धरून आहे, कोणालाही लागत नाही, आणि खरे सांगायचे तर ऐकायला पहिल्यापेक्षा अधिक भारदस्त वाटते. माझ्या घराचा शिक्का मी ठळक मारला.

मजकूर दाखवायला मात्र मला स्वतःच जावे लागले. फुमी-सान एका बाईंच्या केसांना गुंडाळ्या लावत होत्या. कागद त्यांनी आरशाच्या कडेला अडकवला आणि गुंडाळ्या लावता लावता वाचला.

"परिसर म्हणजे काय रे?"

मी खुलासा केला की परिसर या शब्दात नदी, डोंगर, वृक्ष आणि तेथील मनुष्यमात्र या सर्वांचा समावेश होतो.

"म्हणजे माझी पणजी डोंगर झाली."

"एका अर्थी विस्तार झाला असं म्हणता येईल," मी म्हणालो.

गुंडाळ्यावाल्या बाई खुर्चीतल्या खुर्चीत खाली सरकल्या. फुमी-सानांनी पुढची गुंडाळी उचलली. मात्र शेवटच्या फेरीची पाटी सहाशे अकरा शिक्क्यांनिशी त्यांच्या दारात पोहोचली, आणि तेथून ती पुढे गेली नाही.

आमच्याकडे अशा प्रसंगी कोणी रागावत नाही. लोक भेटायला जातात. उद्घाटनाची तारीख ठरली होती, आमंत्रणे छापून गेली होती, आणि एका शिक्क्यावाचून सर्वसंमती अडली होती. पण हे कोणी बोलून दाखवले नाही. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरातून कोणीतरी खरबूज घेऊन गेले, हवापाण्याचे बोलले आणि जाता जाता म्हणाले की, तुमचाच विचार करून आम्ही सगळ्यांनी हे केले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दोन आठवड्यांत फुमी-सानांकडे सतरा खरबुजे जमली. हानेदा-सान दोनदा गेले, एकदा डोके झुकवायला आणि एकदा केस कापायला. दोन्ही वेळा त्यांना खरबुजाची फोड मिळाली, शिक्का मिळाला नाही. अखेरीस मजकूर माझा असल्याने मला पाठवण्यात आले.

"शिक्का मारते की," फुमी-सान म्हणाल्या. "पण ज्याला स्वतःला अडचण आहे असा एक माणूस माझ्यापुढं आण. एकच बास. शेजाऱ्याची नको, सुनेची नको, पोराबाळांची नको. जो म्हणेल की तुझ्या पणजीचं नाव मला नको. त्याचं तोंड बघते आणि मारते शिक्का."

मागणी रास्त होती. सहाशे बारा घरांत एक मनुष्य मिळणे अवघड जाणार नाही, असे मला वाटले. मी पेन्सिलीच्या नोंदींची यादी घेऊन सायकलवर बसलो आणि तीन दिवस हिंडलो.

कुवाबारांच्या ओसाकाच्या सुनेने सांगितले की तिला ही गोष्ट फार आवडली असती, पण सासूबाईंना वाटेल म्हणून ती गप्प राहिली. सासूबाई म्हणाल्या, सुनेला वाटेल म्हणून. पोलिसाने सांगितले की तो साप्पोरोचा आहे, त्याला कशाचेच काही नाही, त्याने शेजाऱ्यांकडे बघून मान हलवली. एकोणीस घरांपैकी प्रत्येकाने मला पुढच्या घराकडे पाठवले, आणि एकोणिसाव्याने पहिल्याकडे. सेन्नो-सानांनी मला बसवून घेऊन आजोबांचे उपासमारीचे गाणे संपूर्ण म्हणून दाखवले व वर विचारले की हे फलकावर का घेतले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यादीत एकच नाव उरले. तोफूवाले ओनुमा-सान. ते माझेच शेजारी आहेत, आणि पहिल्या फेरीतली अगदी पहिली नोंद त्यांच्या हस्ताक्षरातली होती. इतरांना विचारले तसेच मी त्यांनाही विचारले की, आपण ही कोणासाठी लिहिली?

ओनुमा-सानांनी हात पुसले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेले दिसले.

"अहो, तुमच्यासाठी. सगळ्यांनी तुमच्यासाठीच तर केलं. चौथा भूखंड तुमचा ना? रोज त्या फलकापुढं उभं राहायचं तुम्हाला. आम्हाला बघवलं नसतं हो."

मी त्यांचे आभार मानले. त्यांनी मला एक तोफू दिला, तो मी घेतला.

त्यानंतर मी रस्त्याने सायकल हातात धरून चालत गेलो आणि प्रामाणिकपणे आत्मपरीक्षण केले. मला स्वतःला अडचण होती काय? मी शब्द दिला होता. वाक्य मी रचले होते, तीन वह्या संपवल्या होत्या. परंतु ज्या दिवशी नाव खोडले गेले त्या दिवशी घरी जाऊन मी सोबाच्या शेवयांचे दोन वाडगे खाल्ले होते. एप्रिलपासून मला एक वाडगा जात नव्हता. ही गोष्ट माझ्या पत्नीने तेव्हाच बोलून दाखवली होती, आणि मी तिला सांगितले होते की हवा बदलली आहे.

म्हणजे माणूस सापडला होता. त्याला घेऊन जायला सायकलचीही गरज नव्हती.

दुकानात कोणी नव्हते. फुमी-सान खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. वाटेत मी एक वाक्य सिद्ध केले होते, साधे, पाच शब्दांचे. दारात उभा राहून, हात मांड्यांना चिकटवून, मी तोंड उघडले.

"सापडला?" त्यांनी विचारले.

"चौकशी प्रगतिपथावर आहे," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग उठून त्यांनी गल्ल्याच्या खणातून शिक्का काढला.

"कान लाल झालेत तुझे," त्या म्हणाल्या. "माणूस आलाय ना माझ्यापुढं. बोलला नाही एवढंच."

आणि त्यांनी शिक्का मारला. मारताना एकदा निरखून तो उलटा धरला आणि मग दाबला.

उलट्या शिक्क्याचा अर्थ कचेरीत वावरलेल्या कोणालाही समजतो. ज्या कनिष्ठाला वरिष्ठांचा निर्णय मान्य नसतो, पण अडवण्याचे बळ नसते, तो आपला शिक्का उलटा मारतो. तेवढ्याने काम थांबत नाही आणि तेवढ्याने तो मनुष्य सामीलही होत नाही. हानेदा-सान पाटी पाहून पांढरे पडले. नागरिकाने उलटा शिक्का मारल्याचे पूर्वउदाहरण नव्हते. तो संमतीत धरावा की हरकतीत, हे ठरवायला त्यांनी सांडपाणी विभागातील जुन्या सहकाऱ्यांचाही सल्ला घेतला. अखेर त्यांनी कागद दप्तरात वरची बाजू खाली करून लावला. आता फुमी-सानांचा शिक्का सुलट आहे आणि आम्ही सहाशे अकरा घरे डोके खाली, पाय वर करून उभी आहोत. सर्वसंमतीला त्याने बाध येत नाही.

उद्घाटन ठरल्या दिवशी झाले. पडदा बाजूला झाला, सर्वांनी फलकाला वाकून नमस्कार केला, आणि परिसराच्या सहकार्याबद्दल दोन भाषणे झाली. फुमी-सान आल्या होत्या. फलकापुढे त्या फार थोडा वेळ थांबल्या.

"लवकर वाचून झालं," त्या म्हणाल्या, आणि अकरा वाजताचे गिऱ्हाईक होते म्हणून निघून गेल्या.

फलक अजूनही दर सोमवारी मीच पुसतो. तो एका ओळीचा असल्याने फडके एकदाच भिजवावे लागते.

या हिवाळ्यात हा वृत्तान्त लिहायला घेण्यापूर्वी मी केस कापायच्या खुर्चीत बसून फुमी-सानांची परवानगी मागितली. त्यांनी कात्री थांबवली नाही. "नाव लिही म्हणजे झालं," एवढेच म्हणाल्या. मी लिहिले. सगळे अगदी घडले तसे लिहिले. परंतु शुद्ध प्रत काढताना मनात आले की, हे लिखाण कोठवर जाईल हे सांगता येत नाही. दूरचा कोणी अनोळखी वाचक असेल, त्याचेही कोठेतरी नदीकाठी घर असेल, आणि त्या जागी आधी कोण राहत होते हे त्याने कधी विचारले नसेल. त्याला अवघड वाटू नये म्हणून मी नाव तेवढे बदलले. इरेसुमात हे नाव त्या भाषेतले दोन चांगले शब्द जोडून मी स्वतः तयार केले आहे. पणजीचे नाव ते नव्हे. हा खुलासा वाचून झालेल्यांची संख्या आजमितीस एकवीस आहे. सर्वांना लिखाण पसंत पडले. तिघांनी खरबुजांचा भाग विशेष आवडल्याचे आवर्जून सांगितले. खरे नाव काय होते, असे अजून कोणी विचारलेले नाही.